सोवनींचा तुलनात्मक तक्ता

भालचंद्र सोवनींना कॉम्प्युटर आवडत नव्हता, पण कॉम्प्युटरविषयी बोलणारी माणसं त्यांना त्याहूनही आवडत नव्हती. ही माणसं कुठेही भेटत. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत. कुणी काही विचारलेलं नसताना 'अंकल, रॅम बढ़ा लीजिए' असं सांगून जात आणि सोवनी तोंड फिरवून उभे राहत.

तसं निवृत्तीनंतर त्यांना बऱ्याच गोष्टींची किळस येत होती. छत्तीस वर्षं त्यांनी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदीच्या फायली हाताळल्या. त्यातली बावीस वर्षं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली. समोर कडुलिंब, मागे बाजार, सकाळी कोपऱ्यावर ऑफिसची बस. मग निवृत्ती आली आणि फंडाच्या पैशांतून दिल्लीच्या वेशीबाहेर इंदिरापुरममध्ये नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. टॉवरच्या नावात दोन फुलं आणि एक इंग्रजी बगीचा होता. आवारात सिमेंटच्या फाटक्या गोण्या होत्या आणि बिल्डरनं न उचललेला राडारोडा. वीज दिवसातून चारदा जाई, आणि लिफ्टच्या कोपऱ्यात कुणीतरी रोज नेमानं पानाची पिंक टाकून जाई. माणसं सगळी यमुनेच्या पलीकडे राहिली, इकडे नुसते इन्व्हेस्टर राहतात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

सरलाबाईंना असलं काही होत नसे. त्यांनी तीस वर्षं पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवलं होतं आणि त्यांचा दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये गोतावळा मोठा होता. नोकरी संपल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. स्वातंत्र्याच्या आसपास दिल्लीत येऊन पडलेल्या सोळा मराठी बायका त्यांनी हुडकून काढल्या, सगळ्या ऐंशीच्या पुढच्या. मुनिरक्यापासून शाहदऱ्यापर्यंत बसनं हिंडून, टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून, त्यांनी त्यांचं बोलणं उतरवून घेतलं. त्याचं पुस्तक करायचं होतं. कॅसेटी मात्र त्यांच्याकडे दोनच होत्या. एकीचं बोलणं टाइप करून झालं की तीच कॅसेट दुसरीच्या पुढ्यात. चांगली कॅसेट एकदाच वापरून कपाटात टाकायची, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

कागदाचंही तसंच. प्रकरण टाइप झालं की सरलाबाई त्याचं प्रिंट काढत, लाल पेनानं चुका दुरुस्त करत, दुरुस्त्या कॉम्प्युटरवर चढवत आणि मग ती पानं टेलिफोनखालच्या खणात पाठकोरी म्हणून पडत. किराण्याची यादी, दूधवाल्याला चिठ्ठी, सोसायटीच्या सेक्रेटरीला तक्रार, सगळं त्या पानांच्या मागच्या बाजूला लिहिलं जाई. खण भरून वाहू लागला की उरलेलं रद्दीत.

सोळा जणींपैकी पाच तोवर गेल्या होत्या. पाचवी मार्थाबाई साळवे, अहमदनगरच्या मिशनमध्ये शिकलेली नर्स. सत्तेचाळीस साली ती निर्वासितांच्या छावणीत कामाला आली ती दिल्लीतच राहिली. बोलायला फटकळ, आणि मराठी अशी की सरलाबाई टेप थांबवून थांबवून ऐकत. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या नोव्हेंबरात, ती पहाडगंजच्या आपल्या दोन खोल्यांत वारली. दफनभूमीतून परत येताना सरलाबाई एवढंच म्हणाल्या, की बरं झालं, बाईंचं सगळं बोलणं आपल्याकडे आहे.

त्यानंतर आठवड्यानं कॉम्प्युटर टकटकायला लागला.

आधी सोवनींना वाटलं घड्याळ. मग त्यांनी खोक्याला कान लावला. आतून, नखानं पत्रा वाजवावा तसा, मधूनमधून आवाज येत होता. त्यांनी दिलीपला बोलावलं. दिलीपनं तीन वर्षांपूर्वी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारातून सुटे भाग आणून ही मशीन त्यांना जोडून दिली होती. तोंडात सदैव गुटखा, आणि घरात शिरताना चपला काढायची सवय नाही. त्यानं आवाज ऐकला, मान हलवली आणि सांगितलं की हार्ड डिस्क जायला लागली आहे. महिना चालेल, दोन महिने चालतील, उद्याही जाईल. जे काही असेल ते काढून ठेवा. बोलताना त्यानं बाल्कनीतून खाली थुंकलं. सोवनींना वाटलं, या माणसाच्या हातून आपण दगडसुद्धा घ्यायला नको होता.

काढून ठेवायचा पहिला प्रयोग सरलाबाईंनी लगेच केला. मार्थाबाईंचं प्रकरण फ्लॉपीवर उतरवून मुलाकडे, अंशुमनकडे, पाठवलं. अंशुमन गुडगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. रविवारी तो जेवायला आला तेव्हा म्हणाला, "आई, त्यात तर सगळा कचरा आहे यार. इंग्लिश अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं. फाइल करप्ट असेल." आणि मोठ्या मनानं फ्लॉपी पुसून, कोरी करून परत आणून दिली.

मग उलगडा झाला तो असा. सरलाबाईंचं मराठी टाइपिंग ज्या प्रोग्रॅमवर चाले, तो महाराष्ट्र मंडळातल्या एकानं फुकट बसवून दिला होता. तो गृहस्थ पुढे बडोद्याला गेला आणि त्याच्याबरोबर ती सीडीही गेली. त्या प्रोग्रॅमचे फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्यांचं मराठी कुणालाच दिसणार नव्हतं. तेव्हा अंशुमननं हात पुसत पुसत तोड सांगितली. नुसत्या फायली कॉपी करत बसू नका, बाबा. पूर्ण डिस्कची इमेज घ्या. विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट, आईचं पुस्तक, सगळं जसंच्या तसं उचललं जातं, आणि नवी डिस्क आली की जसंच्या तसं बसतं. त्याची सॉफ्टवेअर मिळतात, एखादं बघून घ्या. एवढं सांगून तो मोबाइलवर बोलत लिफ्टकडे गेला.

'एखादं बघून घ्या' हे शब्द सोवनींच्या कानाला लागले. छत्तीस वर्षांत त्यांनी एखादं बघून काही घेतलं नव्हतं. टाचण्या घेतल्या त्याही तीन दरपत्रकं मागवून. त्यांनी संध्याकाळी कपाटातून एक जुनी पुठ्ठ्याची फाइल काढली, तिला हिरवा टॅग ओवला आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'गृह-संगणक. सुरक्षा-प्रत सॉफ्टवेअर. निवड व खरेदी.' टेलिफोनखालच्या खणातून पाठकोऱ्यांचा एक जाड गठ्ठा घेतला आणि पहिलं टिपण लिहायला बसले. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

सरलाबाईंनी विचारलं, की तोवर निदान दोन सीडींवर नुसतं कॉपी करून ठेवूया का. सोवनींनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, नुसतं कॉपी करून फ्लॉपीचं काय झालं ते पाहिलंस ना. डिस्कला विश्रांती मिळावी म्हणून सोवनींनी कॉम्प्युटर लावायलाही बंदी केली आणि त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. सोळाव्या बाईंची कॅसेट अजून उतरवायची होती, ती तशीच राहिली.

बाजार पाहायला ते नेहरू प्लेसला गेले. दोन बस बदलून, तासभर उभं राहून. पायऱ्यांवर थुंकी, गटारावर मांडलेले छोले, उघड्या वायरींचे झुबके. प्रत्येक खांबाआड एकेक जण उभा राहून दात न उघडता 'सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर' असं पुटपुटत होता आणि जाणाऱ्याची बाही धरत होता. एकानं सोवनींनाही धरलं. त्याच्याकडे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर एका सीडीच्या भावात होतं. सोवनींनी हात झटकला आणि नंतर बाही रुमालानं पुसली. चोरीचा माल घेणाऱ्यांतले आपण नाही, हे त्यांनी त्याला हिंदीत समजावून सांगितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

मोठ्या दुकानातही फार वेगळं नव्हतं. टाय लावलेल्या विक्रेत्यानं एक चकचकीत डबा पुढे केला. सोवनींनी डबा हलवून पाहिला. आत एक सीडी आणि बाकी हवा. यात डिस्कची पूर्ण प्रत होते का, असं विचारलं तर विक्रेता डब्यावरचं वाचून दाखवायला लागला. परत बसवायची वेळ आली आणि मशीन सुरूच झाली नाही, तर काय करायचं, असं विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "अंकल, ऐसी नौबत आएगी ही नहीं।" मग हे घ्यायचं कशाला, हा प्रश्न सोवनींनी गिळला. त्यांना त्या टायची, त्या हसण्याची आणि सबंध इमारतीची किळस आली.

मग इंटरनेट. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत, बाजूच्या खुर्चीवर मोठ्यानं गेम खेळणाऱ्यांच्या गोंगाटात, त्यांनी चार दिवस सकाळचे दोन-दोन तास घालवले. तिथे अशा सॉफ्टवेअरांची तुलना करणारी पानंच्या पानं होती. पहिल्यात 'अ' सर्वोत्तम होतं, दुसऱ्यात 'ब', तिसऱ्यात 'क', आणि प्रत्येक पानाच्या तळाशी त्याच सर्वोत्तमाची जाहिरात. फुकट म्हणून जे उतरवायला द्यायचे, ते डिस्कची प्रत घ्यायचं. परत बसवायची वेळ आली की पैसे मागायचं. सोवनींनी आयुष्यात ठेकेदार पाहिले होते, त्यांच्या मिठाईचे डबे परत पाठवले होते, पण विहिरीत उतरवून दोर ओढून घेणारा ठेकेदार त्यांनी पाहिला नव्हता. तिन्ही कंपन्यांना त्यांनी सविस्तर प्रश्न पाठवले, एक ते चौदा, क्रमवार. उत्तर एकीचंच आलं, तेही मशीननं लिहिलेलं. तुमचं पत्र आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, एवढंच त्यात होतं.

रोज संध्याकाळी ते फायलीत टिपण घालत. मग तुलनात्मक तक्ता करायला घेतला. तीन उभे रकाने, चौदा आडवे. जिथे कंपनीनं उत्तर दिलं नाही तिथे 'निल' लिहिलं. रकाना कोरा सोडायचा नाही, नसेल तर निल म्हणायचं, हे त्यांना पहिल्या साहेबानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पहिल्या तक्त्याच्या रेघा वाकड्या आल्या म्हणून त्यांनी तो फाडला. दुसऱ्यात 'ब' आणि 'क' यांची अदलाबदल झाली म्हणून तोही. असे चार तक्ते टराटरा फाडून बादलीत गेले. शेवटी त्यांनी बाजारातून नवे कोरे लेजर कागद आणले आणि पाचवा, लाल-निळ्या शाईत, त्यावर काढला.

सरलाबाई रोज भाजी फोडणीला टाकताना विचारत, झालं का. प्रक्रिया चालू आहे, असं ते सांगत. दहाव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसतं स्वयंपाकघराच्या दारात येऊन क्रोशाच्या कव्हराकडे पाहिलं. सोवनींना त्या पाहण्याचा राग आला. पुस्तक हिचं, आणि उस्तवार आपण करतोय, असं त्यांना मनापासून वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी 'ब' मंजूर झालं. अस्सल, पावतीसह, डब्यासह. सोवनींनी कॉम्प्युटरचं कव्हर काढलं. टकटक वाढली होती, पण मशीन सुरू झाली. 'ब' बसलं आणि त्यानं पहिलाच प्रश्न असा विचारला, की प्रत कुठे ठेवायची.

एवढा एकच प्रश्न त्यांच्या चौदा प्रश्नांत नव्हता. पर्याय दिले होते. सीडी म्हणावं तर डझनभर लागणार आणि दर वेळी बदलत बसावं लागणार. बाहेरून जोडायची वेगळी डिस्क म्हणावं तर ती मंजूर खर्चात नव्हती. फाइल पुन्हा उघडायची, दुरुस्त अंदाजपत्रक, पुन्हा तीन दरपत्रकं. त्या विचारानंच त्यांच्या तोंडाला कडवट चव आली. आणि मग यादीत त्यांना 'डी' दिसलं. दिलीपनं मशीन बसवली त्या दिवशीच सांगितलं होतं: विंडोज सीमध्ये, आपलं सामान डीमध्ये, कारण फॉर्मॅट केलं तरी डीला कुणी हात लावत नाही; डी सेफ है. सोसायटीत ज्याच्या त्याच्या घरी हेच होतं. लग्नाचे फोटो डीमध्ये, मुलांचे प्रोजेक्ट डीमध्ये, टॅक्सचे कागद डीमध्ये. सरलाबाईंचं पुस्तकही डीमध्येच होतं. सोवनींनी पुस्तकासकट सी आणि डी, दोन्हींची प्रत घ्यायला सांगितली आणि ती डीमध्येच ठेवली.

पाऊण तासानं पडद्यावर हिरवी खूण आली, काम यशस्वी झालं म्हणून. सोवनींनी सरलाबाईंना हाक मारून ती खूण दाखवली. त्यांनी तिथल्या तिथे देवापुढे साखर ठेवली. सोवनींनी फायलीत शेवटचं टिपण लिहिलं: 'प्रत सुरक्षित. कार्यवाही पूर्ण. फाइल बंद करण्यात येत आहे.' खाली सही, तारीख. त्या दिवशी जेवताना ते नेहरू प्लेसबद्दल अर्धा तास बोलले आणि सरलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

सहाव्या दिवशी सकाळी वीज गेली, आली, आणि त्यानंतर कॉम्प्युटर सुरू झाला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. टकटकही थांबली होती.

सोवनी घाबरले नाहीत. याच वेळेसाठी तर एवढं केलं होतं. त्यांनी दिलीपला नवी डिस्क घेऊन बोलावलं. सरलाबाई बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसल्या होत्या, त्यांना सांगितलं, काळजी नको, दुपारपर्यंत सगळं जसंच्या तसं. मग त्यांनी टेबलावर 'ब'चा डबा, सीडी आणि फाइल मांडून ठेवली. दिलीप आला, चपलांसकट. त्यानं खोक्याचा पत्रा उघडला, धुळीत हात घातला आणि एक लोखंडी डबी बाहेर काढली, वहीहून लहान.

"बॅकअप किसमें लिया है?" त्यानं विचारलं.

"डी में," सोवनी म्हणाले. "सब कुछ डी में है. डी निकालो अब।"

दिलीप त्यांच्याकडे पाहत राहिला. तोंडातला गुटखा चघळायचाही थांबला. मग त्यानं ती डबी वर धरली. "अंकल," तो हळूच म्हणाला, "डी भी इसी में है।"

सोवनींना आधी कळलंच नाही. त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं. आत दुसरी डबी नव्हती. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं होती, एका खोलीत मधे पडदा लावून दोन खोल्या म्हणाव्यात तशी. तुम्हीच म्हणाला होतात डी सेफ आहे, असं ते म्हणाले. दिलीप म्हणाला, फॉर्मॅटपासून सेफ म्हटलं होतं, डिस्कच मेली तर काय सेफ. ते खरंही होतं. त्यानं पैसे घेतले नाहीत आणि जाताना पहिल्यांदाच नमस्कार केला, मयताच्या घरातून निघताना करतात तसा. त्या नमस्कारानं सोवनींना जेवढं ओशाळं वाटलं तेवढं कशानंच वाटलं नव्हतं.

पुढचे चार दिवस ती डबी रुमालात गुंडाळून ते नेहरू प्लेसच्या त्याच थुंकीच्या पायऱ्या चढले-उतरले. तिथे मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे होते. दोघांनी पाहिली, दोघांनी परत दिली. आतली तबकडी घासली गेली होती. टकटक सुरू झाली तेव्हाच, पहिल्याच आठवड्यात आणली असती तर निघालं असतं, असं दुसरा म्हणाला. अंशुमनला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, त्या फ्लॉपीतली फाइल तर चांगलीच होती. फक्त फॉन्ट नव्हता माझ्याकडे. फॉन्ट काय, नंतर कुठूनही मिळाला असता." म्हणजे नुसती कॉपी चालली असती. दोन सीडी, दहा मिनिटं.

चार दिवस 'काम चालू आहे' म्हणून टाळल्यावर त्यांनी सरलाबाईंना बाल्कनीतच, त्या मटार सोलत असताना, सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग अर्धी उघडून राहिली. त्या उठल्या आणि टेलिफोनखालचा खण पूर्ण बाहेर काढून जमिनीवर बसल्या. आता सोवनींच्याही लक्षात आलं, त्या काय शोधताहेत. खणात अकरा पानं निघाली. मागे किराण्याच्या याद्या, पुढे सोळापैकी दोघी-तिघींची तुटकी बोलणी, लाल पेनानं दुरुस्त केलेली.

"दिवाळीनंतर भरलेला होता हा खण," त्या म्हणाल्या. "बाकीची कुठे गेली?"

रद्दीत गेली असतील, असं पुटपुटून सोवनी आतल्या खोलीत निघून आले. तिथे टेबलावर ती फाइल पडली होती, हिरवा टॅग, ठसठशीत अक्षरं. तिच्याकडे पाहून त्यांना खरीखुरी शिसारी आली; दिलीपची नाही, नेहरू प्लेसची नाही, त्या वळणदार अक्षराची आणि ते अक्षर काढणाऱ्या हाताची. बाजार लुच्चा होता हे खरंच होतं. पण बाजारानं त्यांना एकोणीस दिवस लावले नव्हते. ते दिवस त्यांनी चाखत-माखत घालवले होते, कारण कुणीतरी पुन्हा आपल्या सहीची वाट पाहत होतं. त्यांनी टॅग ओढून काढला, शेवटचं पान, ते सहीचं, हातात घेतलं आणि फाडलं. दोनाचे चार केले.

चार तुकड्यांपैकी एकावर लाल शाई दिसली.

त्यांनी तुकडा उलटला. मागे छापील मराठी होतं, आणि समासात सरलाबाईंच्या हातचा 'ण' दुरुस्त केलेला. त्यांनी दुसरं पान उलटलं. तिसरं. सबंध फाइल उलटी केली. एकोणीस दिवसांची टिपणं, दरपत्रकांचे गोषवारे, कंपन्यांना पाठवलेल्या चौदा प्रश्नांच्या कच्च्या नकला, सगळं त्यांनी पाठकोऱ्यांवर लिहिलं होतं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे कुणी ना कुणी म्हातारी बोलत होती. लेजर कागदावरचा तेवढा तक्ता सोडून. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

अठ्ठावन्न पानं निघाली. खणातली अकरा धरून एकोणसत्तर. पुस्तक दोनशे चौदा पानांचं होतं. सरलाबाईंनी ती पलंगावर मांडली, सोवनींचं अक्षर खाली, आपलं वर, आणि लाल पेनानं नवे आकडे घालायला लागल्या. खालच्या बाजूला काय लिहिलंय ते त्यांनी एकदाही पाहिलं नाही. फाडलेलं पान त्यांनी पोळपाटावर घेऊन पाठीमागून चिकटपट्टी लावून जोडलं. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "एरवी दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तर दोन पानं भरता. या वेळी एवढ्यावरच कसं थांबलात?"

त्यात टोमणा नव्हता; जास्त लिहिलं असतं तर तेवढी पानं जास्त वाचली असती, म्हणून त्या खरंच विचारत होत्या. सोवनींना बादलीत गेलेले चार तक्ते आठवले. रेघा वाकड्या आल्या म्हणून फाडलेले, तीन-तीन पानं जोडून केलेले, म्हणजे बारा पानं. सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी सांगितलं. सरलाबाईंनी मान हलवली आणि एक कोरी वही त्यांच्यापुढे सरकवली. मी वाचते, तुम्ही लिहा, म्हणाल्या. आता मशीनवर नको.

पहिल्यांदा मार्थाबाई घेतल्या, कारण त्यांची पानं सर्वांत जास्त सापडली होती, सलग सात. छावणी, थंडी, एका तंबूत अकरा बाळंतिणी. सरलाबाई वाचत होत्या, सोवनी आपल्या सुवाच्य सरकारी अक्षरात उतरवत होते. 'मग त्या रात्री एक बाई आली,' सरलाबाईंनी वाचलं, 'पायांत काही नाही, कडेवर पोर. मी म्हणाले, पोर इकडे दे. ती देईना. मी बघितलं तर पोर कधीचंच गेलेलं. आता तिला सांगायचं कसं? मी तिला म्हणाले,' आणि पान संपलं. ते चिकटपट्टी लावलेलं पान होतं. पुढचं पान नव्हतं.

"काय म्हणाल्या?" सोवनींनी विचारलं.

सरलाबाईंनी चष्मा काढला. "त्यांनी तिला समजावून पोर घेतलं, एवढं आठवतंय. पण काय शब्द बोलल्या ते नाही आठवत हो. टेप थांबवून तीनदा ऐकलं होतं मी. इतकं साधं काहीतरी होतं."

आठवेल तसं लिहूया का, असं सोवनींनी विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ते मार्थाबाईंचं होणार नाही.

सोवनी वहीकडे पाहत राहिले. वाक्य स्वल्पविरामावर उभं होतं आणि पुढे ओळी मोकळ्या होत्या. छत्तीस वर्षांत त्यांनी जागा कोरी सोडली नव्हती. त्यांनी सवयीनं पेन टेकवलं, 'नि'ची पहिली रेघ ओढली, आणि मग ती खाडाखोड न करता तशीच ठेवून पान उलटलं.